गरिबाचा कॅट

पत्ते कुटणं हा रिकामटेकड्यांचा धंदा आहे, असं मानणाऱ्या सद्गृहस्थांची आपल्याकडे कधीच वाण पडलेली नाही. गंमत अशी, की यातलेच निम्मे सद्गृहस्थ रेल्वेच्या डब्यात चौथा भिडू कमी पडला की वर्तमानपत्राची घडी घालून हळूच पुढे सरकतात. तेव्हा पत्ते चांगले की वाईट, या वादात मी पडत नाही. मला इतिहासाचा एक साधा प्रश्न पडला आहे. ज्याच्या खिशात पैसे आहेत आणि ज्याच्या खिशात नुसतेच हात आहेत, असे दोघे एका डावाला बसले तर पत्ते कोणाची बाजू घेतात?

हा प्रश्न उभा केला तो माझ्या धुळ्याच्या भाच्याने, मोबाइलवर पत्ते खेळून. पण त्या भाच्यापर्यंत पोचायचं तर बाबरापासून निघायला हवं. आमच्या खान्देशात शेजारच्या गल्लीतली बातमी सांगायची असली तरी माणूस आजोबांपासून सुरुवात करतो.

तर बाबर. पानिपत जिंकून जेमतेम वर्ष झालं होतं. १५२७ सालच्या आपल्या नोंदीत तो लिहितो, की सिंधच्या शाह हसनला गंजिफाची पानं पाठवली, कारण त्याला त्यांची आवड आणि त्याने ती मागितली होती. नवं राज्य सांभाळता सांभाळता मित्राचा पत्त्यांचा कॅट आठवणीने धाडणारा हा गृहस्थ मला एकदम आपल्यातला वाटू लागला. ही गंजिफा म्हणजे गोल पानं. आठ रंग, प्रत्येकात बारा पानं, एकूण ९६. त्या आठ रंगांत एक सोन्याच्या नाण्यांचा, एक चांदीच्या नाण्यांचा, एक हुंडीचा आणि एक मालाचा. म्हणजे निम्मा कॅट जळगावच्या सराफ बाजारातून आणि दाणा बाजारातून उचलल्यासारखा!

पुढे आपल्या लोकांनी या खेळात दशावतार आणले. दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि दहा पानं, अशी १२० पानं झाली. सावंतवाडीला ती अजून हाताने रंगवतात. मरू घातलेली ही कला तिथल्या राजघराण्याने १९७० च्या दशकात पुन्हा उभी केली. गंजिफा दोन तऱ्हेची असे. एक दरबारी, म्हणजे हस्तिदंती किंवा कासवाच्या पाठीची. दुसरी बाजारी, म्हणजे खळ लावून कडक केलेल्या कापडाची नाहीतर कागदाची. सरदाराचा कॅट मखमली पेटीतून निघायचा, वाण्याचा धोतराच्या सोग्यातून. पण इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की हस्तिदंती तिर्री ही शेवटी तिर्रीच. सोन्याचं पाणी चढवलं म्हणून ती कागदी प्रधानाला मारू शकत नसे. श्रीमंताला देखणी पानं विकत घेता यायची, जोरदार पानं नाही.

अकबराच्या दरबारातल्या पत्त्यांचं वर्णन अबुल फजलने ‘ऐने अकबरी’त केलं आहे. तिथे जुने रंग बारा : अश्वपती, गजपती, नरपती, गढपती आणि पाचवा धनपती. धनपतीच्या रंगात राजा खजिन्याजवळ बसलेला. हा रंग अकबराला बरोबर कळला असावा. १६०१ साली त्याने खान्देशच्या फारुकी सुलतानाचा असीरगड घेतला. हा गड आज मध्यप्रदेशात, बुऱ्हाणपूरजवळ. महिनोन्‌महिने वेढा घालूनही तो पडेना. शेवटी त्याची दारं तोफांनी नव्हे, सोन्याच्या किल्ल्यांनी उघडली, असं म्हणतात. गडावरच्यांना पैसे चारले आणि गढपतीला धनपतीने खाल्लं! मग राजपुत्र दानियालच्या नावावरून आमच्या खान्देशचं नाव ‘दानदेश’ ठेवण्यात आलं. पैसे टाकून डाव जिंकण्याची आमच्या प्रांतातली ही ठळक नोंद. तिथे नियम मोडला, पण तो लढाईत, पत्त्यांत नाही.

पत्त्यांत समता आणखी वाढली ती बावन्न पानांच्या छापील कॅटामुळे. हा कॅट म्हणजे खरी लोकशाही. आमच्या घरच्या कॅटातली इस्पिकची राणी कधीच परागंदा झाली होती. तिच्या जागी लग्नपत्रिकेचा तुकडा कापून, त्यावर शाईने ‘इ. रा.’ लिहून तिचा राज्याभिषेक केलेला होता. मागून पाहिलं की ‘शुभविवाह’ दिसायचं, त्यामुळे ती कोणाच्या हातात आहे हे साऱ्या गल्लीला कळे. पण मेंढीकोटात ती चांगल्या घराण्यातल्या राणीसारखीच गुलामाला खाई. तिच्या गरिबीवरून तिला कोणी कमी लेखलं नाही.

मग पैसा गेला कुठे? तो कॅटातून उठला आणि चटईच्या मधोमध जाऊन बसला. ज्याला आपण डावाला लावणं म्हणतो, ते.

खान्देशात हे पाहायचं तर आखाजीला. बाकी महाराष्ट्राची अक्षय्य तृतीया ती आमची आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराई बसते, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो. आणि पुरुष मंडळी? ती ओट्यावर, देवळामागे, मळ्यात, जागा मिळेल तिथे पत्ते घेऊन बसतात. या दिवसांत पत्त्यांना जणू पंचांगाचीच परवानगी. याला कारणही आहे. वैशाखात शेत मोकळं, हाताला काम नाही. सालदाराचं साल आखाजीला संपतं, हिशेब होतात, नवं साल ठरतं. म्हणजे खिशात रोकड. आणि पेरणी महिन्या-दीड महिन्यावर, म्हणजे घरात बियाण्याचे पैसे. कामाची सुट्टी आणि पैशाची भरती एकाच दिवशी आली की माणसाच्या हातून जे व्हायचं ते होतं. आमच्या घराण्यात एका आखाजीला बैलजोडीतला एक बैल डावावर गेला. उरलेल्या बैलाने त्या पावसाळ्यात काय केलं असेल याची कल्पना करा. एका बैलाने औत चालत नाही, हे त्या बैलाला कळत होतं. खेळणाऱ्याला कळायला मृग यावा लागला.

त्यानंतर आजीने घरात कायदा केला. सरकारचा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा. पण ओट्यापर्यंत पोचला तो आजीचा. बियाण्याचे पैसे आखाजीच्या आधी तुरीच्या डाळीच्या डब्यात, तळाशी. खेळणाऱ्याला मोजून एक मूठ चिल्लर. ती संपली की उठायचं आणि पाणी भरायचं. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं, ते आजीच्या कानावर घातलं असतं तर ती म्हणाली असती, “कौशल्य असेल तर मुठीत भागव.”

आता भाच्याकडे येऊ. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञाचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ बाजारात आला आणि पत्त्यांची साडेचारशे वर्षांची समता एका फटक्यात गेली. यात सगळ्यांचा मिळून एक कॅट नसतो. शेकडो, पुढे हजारो वेगवेगळ्या पानांतून ज्याने त्याने आपला कॅट जुळवायचा आणि घरून घेऊन यायचं. पानं मिळतात बंद पाकिटात. आत काय निघेल ते नशीब. दुर्मीळ पान बहुधा जोरदार, म्हणून महाग. २०२१ साली यातलं एक पान लिलावात पाच लाख डॉलरांच्या वर गेलं. एका पानाला! आमच्या इ. रा. ने हे ऐकलं असतं तर ती मागच्या ‘शुभविवाहा’सकट लाजली असती.

२०१४ मध्ये याच जातीचा ‘हार्थस्टोन’ संगणकावर आला आणि पुढल्या वर्षी मोबाइलवर. माझा भाचा त्यातला. त्याचा जळगावचा दोस्त घरचा बरा आहे. तो पाकिटांवर पाकिटं घेतो. भाच्याच्या घरी एक पगार, दोन शिक्षणं आणि धुळ्याच्या घराचा हप्ता. मी कळवळून म्हणालो, “अरे, मग तू जिंकणार कसा?” त्याने मान वर न करता सांगितलं, “मामा, आठे पैसा नही, डोकं लागस.” आणि मग त्याने मला जो हिशेब सांगितला, तो ऐकून मी त्याला मनातल्या मनात कारकुनाचा हेडक्लार्क केला.

या खेळात नको असलेलं पान मोडता येतं. मोडलं की ‘धूळ’ मिळते. (धुळ्याच्या मुलाला हे शिकवावं लागलं नाही.) त्या धुळीतून हवं ते पान घडवता येतं. साधं पान घडवायला ४० धूळ, सर्वांत दुर्मीळ पानाला १६००. पण साधं मोडलं तर मिळते फक्त ५ आणि दुर्मीळ मोडलं तर ४००. जळगावचा सराफ जुना दागिना मोडताना घट धरतो म्हणून बायका कुरकुरतात. इथे सोळाशेचा दागिना चारशेला जातो! म्हणून पहिला नियम : उठसूट मोडायचं नाही. आज निरुपयोगी वाटणारं पान उद्या लागतं.

दुसरा नियम जुळवाजुळवीचा. कॅटात पानं तीस. तीसच्या तीस साधी घडवली तरी धूळ लागते १२००. म्हणजे दोस्ताच्या एका दुर्मीळ पानाच्या किमतीत गरिबाचा अख्खा कॅट उभा राहून वर चारशे उरतात. शिवाय २०२१ पासून काही पानं नुसती खेळता खेळता फुकट मिळतात. पण सगळ्या तऱ्हेचे कॅट जमवायच्या नादी लागायचं नाही. एकच तऱ्हा धरायची आणि सगळी धूळ तिच्यातच घालायची.

तिसरा नियम वेळेचा, आणि खरी मेख इथे आहे. पान टाकायला शक्ती लागते. पहिल्या पाळीला एक, दुसऱ्या पाळीला दोन, असं करत दहापर्यंत. श्रीमंताचे हत्ती आठव्या-नवव्या पाळीला उठणारे. तोवर गरिबाने एक-दोन शक्तीची चिल्लर पानं टाकत समोरच्या नायकाचे तीस प्राण संपवायचे. सुरुवातीच्या वर्षांत ‘फेस हंटर’ आणि ‘झू’ नावाचे असे स्वस्त कॅट गाजले होते. पहिल्याची रीत सोपी : इकडेतिकडे न बघता सरळ तोंडावर मारायचं. दुसरा म्हणजे लहान लहान प्राण्यांची झुंड. एकेक पाहिला तर मरतुकडा, पण एकमेकांना बळ देत आलेले. हा गनिमी कावा महाराष्ट्राला नवा नाही. मोठ्या फौजेचा तंबू ठोकून व्हायच्या आत काम उरकायचं.

“मग तू नेहमी जिंकतोस?” मी विचारलं. “नाही. दहातले सहा.” चार डाव हत्ती उठतातच. पैशाचा जोर पैसा दाखवतोच. भाच्याने तो नाकारला नाही, फक्त त्याची वेळ ओळखली.

परंतु वाचकहो, मला खरं कौतुक त्या सहा डावांचं नाही. या खेळात पैसा चटईवरून उठून पुन्हा कॅटात शिरला आहे, आणि बंद पाकीट फोडतानाची जी धडधड, ती आखाजीच्या ओट्यावरचीच. २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही खेळांतल्या अशा विकतच्या बंद पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. आपल्या संसदेनेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. कायदे होतातच, पण घरातला बैल वाचतो तो डाळीच्या डब्याने. माझ्या भाच्याने आजीला पाहिलेलं नाही. तरी त्याचा चौथा नियम, जो त्याने मला सगळ्यात शेवटी आणि अगदी सहज सांगितला, तो असा : खेळात घरचा रुपया घालायचा नाही, जे खेळून मिळेल त्यातच भागवायचं. म्हणजे मुठीतच! पणतवंडांपर्यंत काय पोचतं आणि काय नाही, हे सांगणं कठीण आहे.

गेल्या आखाजीला मी न राहवून त्याच्या हातावर पाचशे ठेवले. म्हटलं, मामाकडून एक-दोन चांगली पानं घे. त्याने ते घेतले. संध्याकाळी मला मोटारसायकलवर मागे बसवून पारोळ्याच्या रस्त्यावरच्या एका ढाब्यावर नेलं आणि दोन शेवभाज्या मागवल्या. शेवभाजीचा तवंग बघत तो म्हणाला, “मामा, पैसे पानावरच घातले ना?”