वारसाचे लग्न, पण वारस नसलेली मुले

१/
१ जुलै १९००, रविवार. उत्तर बोहेमियातील राइखश्टाट (आजचे झेक प्रजासत्ताकातील झाकुपी) येथील वाड्याच्या छोट्या चर्चमध्ये एक विवाह लागला. वर होता ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याचा वारस, आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंड. वऱ्हाड मात्र मूठभरच. चुलते सम्राट फ्रान्झ जोसेफ आले नाहीत. दोन्ही सख्खे भाऊ आले नाहीत. हॅब्सबर्ग घराण्यातून हजर होत्या त्या केवळ सावत्र आई मारिया टेरेसा आणि तिच्या दोन मुली.

२/
असे काय घडले होते? वधू सोफी खोटेक ही काही सामान्य घरातली नव्हती. बोहेमियातील जुन्या सरदार घराण्याची ती काउंटेस. वडील साम्राज्याचे राजदूत. परंतु घरची सांपत्तिक स्थिती बेताची, म्हणून ती आर्चडचेस इझाबेलाच्या पदरी मानकरीण म्हणून राहिली होती. वारसाची नजर इझाबेलाच्या मुलीवर आहे, असा दरबारी मंडळींचा समज होता. प्रत्यक्षात मन जडले होते ते तिच्या मानकरणीवर.

३/
हॅब्सबर्गांचा बेटीव्यवहार १८३९ च्या कुळकायद्याने बांधलेला होता. राज्यकर्त्या किंवा पूर्वी राज्य केलेल्या, बरोबरीच्या मानल्या गेलेल्या घराण्यांतच सोयरीक करता येई. खोटेक घराणे कितीही जुने असले, तरी त्या पंक्तीत बसत नव्हते. १८८९ मध्ये युवराज रुडॉल्फच्या आत्महत्येनंतर आणि १८९६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर गादीचा हक्क फ्रान्झ फर्डिनंडकडे आला होता. १८९३ मध्ये जगप्रवासाच्या ओघात मुंबईला उतरलेला हा तरुण आता साम्राज्याचा भावी धनी होता. तो ना गादी सोडायला तयार होता, ना सोफीला.

४/
अखेर तोडगा निघाला तो ‘मॉर्गनॅटिक’ विवाहाचा. धर्माच्या दृष्टीने असा विवाह संपूर्ण ग्राह्य. चर्चमधले विधी तेच, शपथाही त्याच. पण पत्नीला पतीचा दर्जा मिळत नाही आणि मुलांना वडिलांचा वारसा मिळत नाही. देवापुढे ती पत्नी, दरबारापुढे मात्र परकी.

५/
२८ जून १९००. व्हिएन्नाच्या होफबुर्ग राजवाड्यात सम्राट, घराण्यातील आर्चड्यूक, मंत्री आणि धर्मगुरू यांच्या साक्षीने फ्रान्झ फर्डिनंडने शपथ घेतली. सोफी कधीही सम्राज्ञी होणार नाही आणि तिच्या पोटी येणारी मुले गादीवर हक्क सांगणार नाहीत, असे त्याने लिहून दिले. जन्मालाही न आलेल्या मुलांचा हक्क बापाने सोडला होता. हंगेरीच्या संसदेने ही शपथ कायद्यातच गोवली, म्हणजे पुढे पळवाट उरू नये. त्यानंतर तीन दिवसांनी राइखश्टाटचे लग्न लागले.

६/
त्याच दिवशी सम्राटाने सोफीला ‘होहेनबर्गची प्रिन्सेस’ हा किताब दिला. १९०९ मध्ये ती डचेस झाली. पण किताबाने मान मिळाला नाही. दरबारी समारंभात सर्वांत धाकट्या आर्चडचेसच्याही मागून तिला प्रवेश मिळे. शाही मिरवणुकीत पतीच्या गाडीत तिला जागा नसे. हे नियम काटेकोरपणे राबवणारा दरबारी अधिकारी होता प्रिन्स माँटेनुओवो. तो स्वतःही अशाच एका असमान विवाहातून आलेल्या कुळातला. नेपोलियनची दुसरी पत्नी मारी लुईझ हिचा तो नातू.

७/
या अपमानांपासून दूर, प्रागजवळच्या कोनोपिश्ते येथे त्यांचा संसार फुलला. सोफी (१९०१), माक्सिमिलियान (१९०२) आणि अर्न्स्ट (१९०४) अशी तीन मुले झाली. दरबारात तापट आणि तुसडा म्हणून ओळखला जाणारा हा माणूस घरात मात्र कुटुंबवत्सल होता.

८/
१९१४ च्या जूनमध्ये लष्कराचा महानिरीक्षक या नात्याने तो बोस्नियात गेला. व्हिएन्नाच्या दरबारी शिष्टाचाराचा काच तिथे सैल होता. सारायेव्होच्या रस्त्यांवरून सोफी पतीच्या शेजारी उघड्या मोटारीत बसून निघाली. तारीख होती २८ जून. त्या शपथेला नेमकी चौदा वर्षे झाली होती. गाव्रिलो प्रिन्सिपच्या गोळ्यांनी दोघांचाही अंत झाला. लग्नाचा चौदावा वाढदिवस तीन दिवसांवर होता.

९/
मृत्यूनंतरही कुळकायदा संपला नाही. होफबुर्गच्या चर्चमध्ये दोन्ही शवपेट्या ठेवल्या, त्यात सोफीची पेटी पतीच्या पेटीपेक्षा खाली होती. हॅब्सबर्गांच्या कापुचिन दफनगृहात तिला जागा मिळणार नाही, हे फ्रान्झ फर्डिनंड जाणून होता. म्हणून डॅन्यूबकाठच्या आर्टश्टेटन येथे त्याने आधीच आपले दफनगृह बांधून ठेवले होते. तिथे दोघे शेजारी शेजारी विसावले.

१०/
गादीचा हक्क पुतण्या कार्लकडे गेला. १९१६ मध्ये तो सम्राट झाला आणि १९१८ मध्ये साम्राज्यच कोसळले. तीन अनाथ मुलांना त्या सिंहासनाशी काही देणेघेणे नव्हते. बापाने ते लिहूनच दिले होते. तरीही नव्या चेकोस्लोव्हाकियाने १९१९ मध्ये त्यांना कोनोपिश्तेतून बाहेर काढले आणि हॅब्सबर्गांची मालमत्ता म्हणून तो वाडा सरकारजमा केला. वास्तविक फ्रान्झ फर्डिनंडने तो १८८७ मध्ये स्वतः विकत घेतला होता.

११/
१९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. ऑस्ट्रियाच्या स्वातंत्र्याचा उघड पुरस्कार करणाऱ्या माक्सिमिलियान आणि अर्न्स्ट या भावांना अटक झाली. त्यांना डाखाउच्या छळछावणीत धाडण्यात आले. अर्न्स्टची सुटका व्हायला १९४३ साल उजाडले.

१२/
सारायेव्होच्या गोळ्या महायुद्धाचा प्रारंभ म्हणून जगाच्या लक्षात राहिल्या. या कुटुंबाचा इतिहास मात्र त्याआधीच्या त्या शपथेपासून वाचावा लागतो. मान द्यायची वेळ आली तेव्हा ‘ही मुले हॅब्सबर्ग नव्हेत’ असे घराण्याने ठरवले. मालमत्ता जप्त करायची वेळ आली तेव्हा ‘ही मुले हॅब्सबर्गच’ असे नव्या राज्याने ठरवले. रक्ताचे नाते तेच होते. त्याचा अर्थ लावणारे बदलत गेले. त्या मुलांना विचारावे, असे दोन्ही वेळी कोणालाच वाटले नाही.