मच्छरदाणीचे चार खिळे

सुरतच्या पर्वत पाटिया, लिंबायत, गोडादरा या पट्ट्यात जळगाव-धुळे-नंदुरबारकडून आलेली घरे पुष्कळ. दाराशी अहिराणी कानी पडते. एकाच खोलीत पाच-सहा माणसे झोपत असतील, तर मच्छरदाणी बांधायची कुठे? चार खिळे हवेत, भाड्याच्या भिंतीत ते ठोकू देणारा मालक हवा. बांधली तरी पंख्याचा वारा अडतो. मे महिन्यात ‘त्यापेक्षा डास परवडला’ म्हणणाऱ्याला अडाणी ठरवणे सोपे आहे.

पूर्वी हिवतापावरचा सरकारी इलाज म्हणजे घरांत डीडीटीची फवारणी. 1953 पासून पथक पंप घेऊन दारात यायचे; घरच्यांनी फक्त भांडीकुंडी बाहेर काढायची. सणाला भिंती सारवल्या की डीडीटी शेणामातीखाली. तरीही साठच्या दशकाच्या मध्यावर देशातले रुग्ण लाखाच्या आसपास आले होते. 1976 मध्ये ते 64 लाखांवर गेले. डास औषधाला सरावले होते.

मग सुरत जिल्ह्यातल्या खेड्यांत एक वेगळा प्रयोग झाला. कुठे डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाची फवारणी, तर कुठे त्याच औषधात बुडवलेल्या मच्छरदाण्या. निष्कर्ष 1999 मध्ये छापून आले. जाळी बादलीत बुडवायची, पिळायची, सावलीत वाळवायची. मळली म्हणून खसाखसा धुतली की औषध पाण्याबरोबर गेले. म्हणजे टापटिपीची बाईच इथे तोट्यात!

मृगेश भाटिया आणि ज्युलिया फॉक्स-रशबी या संशोधकांनी याच जिल्ह्यात घरोघरी विचारले: मच्छरदाणीला किती मोजाल? नुसत्या उत्तरावर ते थांबले नाहीत. पुढे खरोखरच मच्छरदाण्या विकायला नेल्या आणि तोंडी आकडा नि खिशातला पैसा यांचा मेळ घालून पाहिला. असे तपासायला धीर लागतो. त्यांच्या 2004 च्या हिशेबात मच्छरदाणी फवारणीपेक्षा स्वस्त पडली.

हा हिशेब मात्र खेड्यातला. शहरात हिवतापाचा डास गच्चीवरच्या उघड्या टाकीत वाढतो आणि अंधार पडल्यावर चावतो. आणि सुरतच्या यंत्रमागांवर पाळी बारा तासांची. डासाच्या वेळेला रातपाळीचा कामगार मागापाशी उभा असतो. सकाळी तो खोलीवर येतो, तेव्हा दिवसपाळीचा जोडीदार अंथरूण मोकळे करून निघालेला असतो.