मुलं रानात रमतात, शिक्षिका का बिचकतात? ब्रिटनमधील फॉरेस्ट स्कूल आणि कर्मचाऱ्यांची तयारी

ब्रिटनमधल्या अनेक नर्सरींत तीन-चार वर्षांची मुलं आठवड्यातली एक सकाळ जवळच्या झाडीत घालवतात. चिखलात खेळतात, ओंडक्यांवरून चालतात, काटक्यांची खोपटी उभी करतात आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली शेकोटीही बघतात. या पद्धतीला तिथे ‘फॉरेस्ट स्कूल’ म्हणतात. ती नव्याने सुरू करताना मुलांची अडचण सहसा येत नाही. अडखळतात त्या त्यांना घेऊन जाणाऱ्या शिक्षिका आणि मदतनीस. वर्गात सराईतपणे वीस मुलं सांभाळणारी व्यक्ती झाडीत पाऊल टाकताच गप्प होते किंवा दर मिनिटाला ‘नको, पडशील’ म्हणू लागते.

सुरुवात कुठून झाली?

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील ब्रिजवॉटर कॉलेजमधली बालसंगोपन शाखेची मंडळी 1993 मध्ये डेन्मार्कला गेली होती. तिथली बालवाडीची मुलं वर्षभर, कोणत्याही ऋतूत बाहेर खेळताना त्यांनी पाहिली. परतल्यावर कॉलेजच्या पाळणाघरातल्या मुलांसाठी तसाच उपक्रम सुरू झाला आणि पुढे तो देशभर पसरला. 2012 मध्ये ‘फॉरेस्ट स्कूल असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या तत्त्वांनुसार एखादी सहल म्हणजे फॉरेस्ट स्कूल नव्हे. त्याच जागी, पुन्हा पुन्हा, शक्यतो ऋतू बदलताना दिसतील इतका काळ जायला हवं, आणि सत्र चालवणाऱ्याकडे किमान ‘लेव्हल 3’ची पात्रता हवी.

ही पात्रता चार दिवसांत मिळत नाही. हत्यारं, शेकोटी, झाडझाडोरा, प्रथमोपचार, मुलांचा विकास असं सगळं शिकून, प्रत्यक्ष सत्रं घेऊन, त्यांच्या नोंदींची वही सादर करावी लागते. तरीही प्रमाणपत्र हाती आलेला माणूस धीट होतोच असं नाही. धीटपणा येतो तो त्याच झाडीत दहाव्यांदा गेल्यावर.

भीती नेमकी कशाची?

‘आत्मविश्वास नाही’ असं मोघम म्हणून काही हाती लागत नाही. मूल हरवेल, झाडावरून पडेल, पालक तक्रार करतील, एखाद्या झाडाचं नाव विचारलं तर काय सांगायचं, थंडीत तीन तास कसे काढायचे अशा वेगवेगळ्या धास्ती असतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा असतो.

मूल हरवण्याची भीती सवयींनी कमी होते. झाडांना रंगीत फिती बांधून हद्द आखतात. दर वेळी मुलांबरोबर ती हद्द चालून दाखवतात. लपलेल्या मुलांनी ठरावीक हाकेला ओ द्यायची, हा खेळ पहिल्या दिवसापासून खेळतात. म्हणजे खरोखर बोलवायची वेळ आली तर प्रतिसाद अंगवळणी पडलेला असतो. निघताना, पोहोचल्यावर, मधे आणि परतताना डोकी मोजली जातात. इंग्लंडच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांवरील आठ मुलांमागे साधारण एक प्रौढ लागतो. पण रानात, विशेषतः शेकोटी असेल तेव्हा, अनेक नर्सरी याहून जास्त माणसं नेतात. लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेली व्यक्ती सोबत असावीच लागते.

अपघाताची भीती मात्र नुसत्या सवयींनी जात नाही. तिथे कामाला येतो तो ‘फायदा आणि धोका’ यांचा एकत्रित कागद. जुन्या पद्धतीत फक्त धोके लिहीत, आणि धोक्यांची यादी वाचून कुणालाही बाहेर पडावंसं वाटत नाही. नव्या कागदात झाडावर चढण्याने मुलाला काय मिळतं हे आधी लिहितात: तोल, ताकद, स्वतःचा अंदाज. मग पडण्याची शक्यता, मग उपाय: फांदी आधी मोठ्याने तपासायची, खाली दगड किंवा खुंट नाही हे पाहायचं, चढण्याची उंची ठरवायची, मुलाला उचलून वर ठेवायचं नाही. शेवटचा नियम महत्त्वाचा, कारण स्वतः चढलेल्या मुलाला बहुधा उतरताही येतं. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने 2012 मध्येच स्पष्ट केलं होतं, की खेळातला प्रत्येक धोका नाहीसा करणं हे ध्येय नाही. हे सरकारी म्हणणं व्यवस्थापकाने कर्मचाऱ्यांना वाचून दाखवलं तरी बराच ताण हलका होतो. ‘काही झालं तर मी एकटी पडेन’ ही धास्ती बहुतेकींच्या मनात असते.

झाडांच्या नावांची चिंता बरीच अनाठायी आहे. शंभर नावं येण्याची गरज नसते. टाळायच्या मोजक्या वनस्पती पक्क्या ओळखता आल्या की पुरे: अंगाला झोंबणारी नेटल, विषारी फॉक्सग्लोव्ह, आणि लाल फळांनी मुलांना भुलवणारं यू झाड, ज्याच्या बियाही विषारी असतात. उन्हाळ्यात परतल्यावर अंगावर गोचीड नाही ना हे बघावं लागतं, कारण तिच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. बाकी प्रश्नांना ‘मलाही माहीत नाही, बघू या’ हे उत्तर चालतं. मुलांना ते आवडतंही.

पायऱ्या

ज्या नर्सरी हे नीट करतात त्या पहिली फेरी मुलांविना काढतात. कर्मचारी स्वतः झाडीत बसतात, पावसात ताडपत्री बांधतात, चकमकीने कापूस पेटवतात, पीलरने काठी सोलून पाहतात. हे सगळं जमेना म्हणून हसून घेण्याची मोकळीक मुलांसमोर नसते. नंतर चार-सहा मुलांसह छोटी फेरी, अनुभवी व्यक्तीच्या सोबतीने. पुढे सत्राचा एकच तुकडा नवख्या शिक्षिकेकडे येतो: सुरुवातीचं गाणं किंवा खाऊची वेळ. शेकोटी सर्वांत शेवटी. तिच्याभोवती ओंडक्यांचं रिंगण असतं, रिंगणाच्या आतून कुणी धावत नाही, बाजूला पाणी भरलेलं असतं.

एक साधी गोष्ट हमखास राहून जाते: मोठ्यांचे कपडे. मुलांना जलरोधक सूट आणि गमबूट मिळतात, शिक्षिका मात्र ओल्या चपला-बुटांत कुडकुडत उभी असते आणि साहजिकच सगळ्यांत आधी तिलाच परतायचं असतं. दुसरी चूक म्हणजे एकालाच प्रशिक्षण देणं. तो माणूस नोकरी सोडून गेला की उपक्रमही थांबतो.

मराठी वाचकांना यात ओळखीचं काही सापडेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली होती. हेतू निराळा होता, पण तिथेही शिक्षकालाच चार भिंतींबाहेर शिकवायला शिकावं लागलं.

सत्र संपल्यावर दहा मिनिटं बसून काय जमलं, कुठे छाती धडधडली हे बोलायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. सत्र रद्द करायचा अधिकारही नवख्या व्यक्तीला दिलेला असतो. वारा जोराचा असेल तर वाळक्या फांद्या तुटून पडतात. अशा दिवशी कुणाला न विचारता तिने मुलांना नर्सरीच्या अंगणातच खेळवावं, असं आधीच ठरलेलं असतं.