कराची ते हैदराबाद : चार तासांचे अंतर

कराची आणि दक्षिणेतील हैदराबाद या दोन शहरांमधील हवाई अंतर सरळ रेषेत सुमारे १४५० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ९०० मैल भरते. १९४८ साली चार एंजिनांच्या विमानास ते कापावयास चार तासांच्या आसपास वेळ लागे. या चार तासांवर एका संस्थानाने आपले भवितव्य टांगले होते.

हैदराबाद संस्थानास समुद्रकिनारा नव्हता. त्याच्या चोहोबाजूंस भारताची भूमी होती. म्हणूनच निजामाच्या दरबाराची दृष्टी पोर्तुगिजांच्या ताब्यातील गोमंतकाकडे, मार्मागोव्याच्या बंदराकडे, वळली होती. परंतु ते बंदर हाती येते, तरी मधला प्रदेश भारताचाच होता. मग उरले ते आकाश. सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने त्या वर्षी लँकॅस्ट्रियन जातीच्या विमानांतून कराचीहून शस्त्रास्त्रे आणून बीदर व वरंगळ येथे उतरविली. पुढे ब्रिटनमधील न्यायालयाने या व्यवहाराबद्दल त्याला २०० पौंड दंड केला.

विमानाचा वेग मोठा खरा. तथापि त्याचे पोट लहान. एका उड्डाणात येणारा माल मालगाडीच्या एका वाघिणीत सहज मावावा एवढाच. अशा खेपांवर सैन्याला काही दिवस धीर मिळेल, पण राज्य कसे तगणार?

जमिनीवरचे अंतर मात्र निराळेच होते. श्रीतुळजाभवानीचे क्षेत्र सोलापुरापासून अवघे ४५ किलोमीटर. पण ते निजामाच्या मुलखात असल्यामुळे, सोलापूरकर भाविकाला आपल्या कुलस्वामिनीच्या दर्शनासाठी राज्याची सीमा ओलांडावी लागे. मराठवाड्यातील प्रजा स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली भारतात विलीन होण्यासाठी लढत होती आणि रझाकारांचा जुलूम सोसत होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय सैन्य सोलापुराहून नळदुर्गाच्या वाटेने आत शिरले; त्याच दिवशी तुळजापूरही मुक्त झाले. सोलापूर ते हैदराबाद हे सुमारे ३०० किलोमीटरांचे अंतर. पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने लढाई थांबविल्याचे जाहीर केले. कराचीची विमाने ते टाळू शकली नाहीत.

या विजयानंतर अनेक ठिकाणी निरपराध मुसलमान प्रजेवरही सूडाचे घाव पडले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ते नोंदविले आहे. ही गोष्टही विसरता कामा नये, कारण शेजाऱ्या-शेजाऱ्यांत पडलेले अंतर कोणत्याही सैन्याला एका आठवड्यात तोडता येत नाही.

१४५० किलोमीटरांवरील मित्र चार तासांत येऊन पोहोचू शकतो. परंतु राज्य टिकते ते उंबरठ्याशी उभ्या असलेल्या प्रजेच्या विश्वासावर. निजामाच्या दरबाराने आकाशातील अंतर अचूक मोजले. आपल्या आणि प्रजेच्या मधले अंतर मोजावयाचे मात्र राहून गेले.