शिकाऊ उमेदवारांचे विमासंरक्षण : कायदा काय सांगतो?

बंगळुरूच्या औद्योगिक जडणघडणीत हिंदुस्थान एरोनॉटिक्स (१९४०), हिंदुस्थान मशिन टूल्स (१९५३) आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४) या उद्योगांचा मोठा वाटा आहे. अशा कारखान्यांत कायम कामगारांबरोबरच शिकाऊ उमेदवारही यंत्रांवर काम करतात. अपघाताचा धोका दोघांनाही असतो. विम्याचे संरक्षण मात्र दोघांना सारखे मिळत नाही.

या प्रशिक्षणाचा पाया १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम हा आहे. प्रशिक्षणाच्या खर्चात शासनाचाही वाटा असतो. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेअंतर्गत विद्यावेतनाचा २५ टक्के, परंतु दरमहा कमाल १,५०० रुपयांपर्यंतचा भाग केंद्र सरकार उचलते.

या अधिनियमाच्या कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असून कामगार नव्हे. त्यामुळे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा अधिनियम आणि १९५२ चा भविष्यनिर्वाह निधी अधिनियम या दोन्ही कायद्यांनी त्याला 'कर्मचारी' या व्याख्येबाहेर ठेवले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा अपवाद कायम आहे.

तथापि शिकाऊ उमेदवार सर्वस्वी असंरक्षित नाही. कलम १४ नुसार कारखान्यातील आरोग्य व सुरक्षिततेच्या तरतुदी त्याला लागू होतात. प्रशिक्षणादरम्यान इजा झाल्यास कलम १६ नुसार मालकाने नुकसानभरपाई देणे बंधनकारक आहे. ही भरपाई १९२३ च्या भरपाई कायद्यातील सूत्राने ठरते आणि तिची गणना विद्यावेतनावर होते.

दोन्ही व्यवस्थांतील फरक एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. वीस वर्षे वयाच्या आणि ८,००० रुपये मासिक विद्यावेतन घेणाऱ्या उमेदवाराला कायमचे पूर्ण अपंगत्व आले असे समजू. विद्यावेतनाच्या ६० टक्के रकमेला त्या वयासाठीच्या २२४ या गुणांकाने गुणले असता सुमारे १० लाख ७५ हजार रुपये होतात. ही रक्कम एकदाच मिळते. तेवढेच वेतन घेणाऱ्या विमाधारक कामगाराला वेतनाच्या ९० टक्के, म्हणजे दरमहा सुमारे ७,२०० रुपये आजन्म मिळतात. साधारण साडेबारा वर्षांत ही रक्कम त्या भरपाईएवढी होते, आणि त्यानंतरही मिळत राहते. शिवाय विमाधारकाला व त्याच्या कुटुंबाला नेहमीच्या आजारांवरही उपचार मिळतात. बंगळुरूतील राजाजीनगरचे कर्मचारी राज्य विमा रुग्णालय याच व्यवस्थेचा भाग आहे. शिकाऊ उमेदवाराला त्या कार्डाचा आधार नसतो.

सरकारी योजनेत विम्याची जोड देणे शक्य आहे, हे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेने दाखवले. या योजनेत सहभागी युवकांना पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनांचे संरक्षण देण्यात आले व त्यांचे हप्ते केंद्र सरकारने भरण्याची तरतूद करण्यात आली. या दोन योजनांत मृत्यू, तसेच अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्व यांसाठी प्रत्येकी दोन लाख रुपयांचे संरक्षण आहे. मात्र आजारपणातील उपचार किंवा आजन्म निर्वाहवेतन यांची तजवीज त्यांत नाही.

म्हणूनच प्रशिक्षणाचा करार पाहून घेणे उमेदवाराच्या हिताचे ठरते. १९६१ च्या अधिनियमाखालील करार नोंदवावा लागतो. असा करार नसताना केवळ 'प्रशिक्षणार्थी' म्हणून नियमित उत्पादनाचे काम करून घेतले जात असेल, तर राज्य विम्यातील हा अपवाद आपोआप लागू होत नाही आणि संबंधित व्यक्ती विम्यावर हक्क सांगू शकते. कराराची प्रत जवळ असणे, हा त्या हक्काचा पहिला पुरावा होय.