पनवेलच्या खाडीतले हरहुन्नरी तारू

१६५९ च्या ऑगस्टमध्ये गोव्याच्या पोर्तुगीजांनी आपल्या राजाला एक काळजीची बातमी कळवली. शहाजीराजांचा मुलगा भिवंडी, कल्याण आणि पनवेलला लढाऊ जहाजे बांधतो आहे. ती समुद्रात येऊ देऊ नयेत, असा हुकूम वसईच्या कप्तानाला सुटला. आज जिच्या काठी नवी मुंबईचे विमानतळ आहे, तीच ही पनवेलची खाडी. रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज आणि त्याच्या हाताखालची सुमारे ३४० माणसे शिवाजी महाराजांच्या या कामावर होती. वसईकरांनी त्यांना फोडले आणि ते सगळे काम टाकून निघून गेले. तरी आरमार उभे राहिलेच.

या आरमाराचा कणा म्हणजे गुराब आणि गलबत. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ च्या आपल्या ग्रंथात त्यांची बारकाईने नोंद केली आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन काठ्यांची तीनशेपर्यंत. रुंद, उथळ बुडाची, पुढे लांब निघालेली नाळ आणि त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा. गलबत क्वचितच सत्तर टनांच्या वर जाई. त्याला एक मोठे तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही असत. हलक्या गलबताचा तक्ता चिरलेल्या बांबूंचा असे. त्यावर फक्त जंबुरक्या, म्हणजे लहान फिरत्या तोफा. मोठ्या तोफा हव्या असतील तर तक्ता पक्का करावा लागे, म्हणजे वजन वाढले. वारा पडला की हीच गलबते गुराबांना ओढून नेत.

वजन आणि चपळाई यांचा हा झगडा आजच्या पोरांनाही ठाऊक आहे, पण तो पडद्यावरचा. केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी १९८४ साली ‘एलिट’ हा अंतराळातला खेळ काढला. खेळाडूच्या हाती कोब्रा मार्क थ्री हे यान आणि शंभर क्रेडिट. व्यापार करा, लढा, नाहीतर लुटा; आधी काय विकत घ्यायचे ते तुम्ही ठरवा. २०१४ च्या ‘एलिट डेंजरस’मध्येही कोब्रा आहेच, आणि जड सामान चढवले की त्याची झेप आखूड होते.

मराठ्यांच्या राजनीतीवरच्या ग्रंथाने, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने, वजन-चपळाईचा हा पेच कितीतरी आधीच सोडवला होता. गुराबा फार थोर नकोत, फार लहानही नकोत. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर लादू नये, नाहीतर सावकार बुडतील. हे शेवटचे कलम तर तोफांहून मोलाचे.

उथळ बुडाचा खरा कस खांदेरीला लागला. १६७९ मध्ये मराठ्यांनी हे बेट बांधायला घेतले, तेव्हा इंग्रजांनी त्याला वेढा घातला. पण मराठ्यांच्या लहान होड्या रात्री इंग्रजी जहाजांना चुकवून रसद पोचवत राहिल्या. १८ ऑक्टोबरच्या लढाईत ‘डोव्हर’ ही इंग्रजांची गुराबच मराठ्यांच्या हाती लागली. बेट मराठ्यांकडेच राहिले.

या आरमाराचे कंबरडे मोडले ते मोकळ्या दर्यात नव्हे. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली मराठ्यांचे आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे यांचा ताफा दाटीवाटीने नांगरलेला होता. इंग्रजांचा एक गोळा एका जहाजावर पडला आणि ती आग साऱ्या ताफ्यात पसरली. या मोहिमेत इंग्रजांच्या जोडीला खुद्द नानासाहेब पेशव्यांची फौज होती. मराठी आरमाराला सर्वांत महागात पडलेली चूक हीच.