बीज, क्षेत्र आणि गाबोळी

मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला अंडे म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. मासळी साफ करताना मादीच्या पोटातून गाबोळी निघते आणि तिचा प्रत्येक कण मासा होऊ शकला असता, हे आमच्या आजीलाही ठाऊक होते. तरीही त्याच घरांत पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे क्षेत्र, ही जुनी उपमा सुखाने नांदली. पीक आले नाही की जमीन नापीक! या एका उपमेने कित्येक सुनांच्या कपाळी ‘वांझ’ हा शब्द कोरला.

आमचे वैद्यक त्या मानाने न्यायी होते. सुश्रुतसंहितेने शुक्र आणि आर्तव या दोहोंच्या संयोगातून गर्भ मानला. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात एका रात्रीत कलल, पाच रात्रींत बुद्बुद आणि दहा दिवसांत बोराएवढा गर्भ, असा क्रम दिला आहे. पाचव्या दिवशीचा गर्भ खरोखरच पोकळ बुडबुड्यासारखा असतो. पण तेवढ्यावरून पूर्वजांनी तो पाहिला होता असे मी म्हणणार नाही. दहाव्या दिवशी तो बोराएवढा सोडाच, टाचणीच्या माथ्याएवढाही नसतो.

युरोपातही अंधार काही कमी नव्हता. 1677 साली लेवेनहूकने वीर्यातील वळवळणारे जीव पाहिले, तेव्हा त्यातच अख्खा माणूस दडला आहे असे काही पंडितांनी ठरवले. बीजाचीच ती नवी आवृत्ती! सस्तन प्राण्याचे अंडे फोन बेअरने 1827 साली कुत्रीच्या अंडाशयात दाखवले. पण दोघांचे मीलन दिसले ते समुद्राच्या कृपेने. सी-अर्चिन हा काटेरी गोळ्यासारखा प्राणी कोकणच्या खडपांतही आढळतो. त्याची नर-मादी आपापली बीजे पाण्यातच सोडतात आणि अंडे असते पारदर्शक. त्यात दोन केंद्रके एकमेकांजवळ येऊन मिसळताना ऑस्कर हर्टविगने पाहिली आणि 1876 साली ते प्रसिद्ध केले.

माणसात हेच गर्भनलिकेच्या काळोखात घडते. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे अंडे. त्यात आईची 23 गुणसूत्रे, शुक्रजंतूत बापाची 23. साधारण दिवसभराने एका पेशीच्या दोन होतात, तिसऱ्या दिवशी सुमारे आठ. सहाव्या-सातव्या दिवशी गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. मुलगा की मुलगी, हे बापाकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरते. आणि मुली झाल्या म्हणून बोल मात्र आईला!

6 ऑगस्ट 1986 रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून, शरीराबाहेर फलन झालेल्या गर्भाची मुलगी जन्मली. ज्या गिरणगावात आमच्या चाकरमान्यांच्या पिढ्या राबल्या, तिथलेच हे रुग्णालय. काचेच्या बशीत बीज कोणते आणि क्षेत्र कोणते? तिथे दोन अर्ध्या वाट्यांवाचून दुसरे काही नसते.

मूल न होण्याचे कारण पुरुषात असू शकते, स्त्रीत असू शकते, दोघांतही असू शकते. म्हणून देवाला गाऱ्हाणे घालायचे तर दोघांच्या नावाने घालावे, आणि डॉक्टरची पायरी चढायची तर दोघांनी मिळून चढावी.